कमरेच्या मणक्यातली गादी सरकली आहे. ऑपरेशन छोट्या भोकातून करून टाकावं का?

आडवीतिडवी

सात आठवडे झाले. आधी कमरेत उसण भरली, जाईल दोन दिवसांत म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी कंबर खरंच मोकळी झाली आणि कळ खाली उतरली. उजवा कुल्ला, मांडीची मागची बाजू, पोटरी आणि तिथून करंगळीपर्यंत मुंग्या. उभं राहता येतं, चालता येतं, बसवत मात्र नाही. हा धागाही पालथी पडून, कोपरांवर टेकून टंकते आहे. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे.

एमआरआयमध्ये एल५-एस१ला (कमरेतली सगळ्यांत खालची गादी) उजवीकडे 'एक्स्ट्रूजन' आणि एस१ची नस दबली आहे असं लिहिलंय.

तीन डॉक्टर झाले, तीन उत्तरं मिळाली. पहिले म्हणाले दुर्बिणीतून करू, आठ मिलिमीटरचं भोक, भूल जागेपुरतीच, दुसऱ्या दिवशी घरी. दुसऱ्या म्हणाल्या मायक्रोडिस्केक्टमीच (चीर देऊन मायक्रोस्कोपखाली तुकडा काढणं) करा, भोकाच्या मापात अडकू नका. तिसरे म्हणाले अजून पाच-सहा आठवडे थांबा, औषधं घ्या, अगदीच असह्य झालं तर एक इंजेक्शन देऊ. वर ओळखीतल्या एकांनी लेसरचं सुचवलं, त्यात म्हणे कापतच नाहीत.

ज्यांनी यातून काहीही करून घेतलंय त्यांनी सांगा: छोट्या भोकातून करून टाकावं का? अनुभव हवेत. व्यायामाचे व्हिडिओ कृपया नकोत, जगातले सगळे माझ्यापर्यंत पोचले आहेत.

कणाहीन

माझं नाव पाहता या धाग्यावर बोलायला मी अपात्र आहे. तरी रुमाल टाकून ठेवतो.

ठोकळा

तीन वर्षांपूर्वी एल४-एल५ची (तुमच्या वरची गादी) दुर्बिणीतून केली, जागेपणी. जसं झालं तसं सांगतो.

पालथं झोपवतात. पाठीच्या मध्यापासून बरंच बाजूला, जवळजवळ कुशीत, सुई टोचून ती जागा बधिर करतात. मग सुईवरून तार, तारेवरून नळी, आणि दर टप्प्याला एक्स-रेचं ते मोठं कमानीसारखं यंत्र डोक्यावर फिरतं. नळीतून सतत पाणी सोडलेलं असतं, त्याचा आवाज येत राहतो. सर्जन मधूनमधून विचारत होते, "पायात काही होतंय का?" आधी वाटलं धीर द्यायला विचारतायत. नंतर कळलं की ते माझं उत्तर वापरत होते. चिमटा नसेच्या जवळ गेला की माझ्या पायात वीज जायची, मी ओरडायचो, ते हात मागे घ्यायचे. थोडक्यात, धोक्याची घंटा मीच होतो.

शेवटी एक जोराचा ओढा बसला आणि पायातली कळ गेली. तिथेच, टेबलावर. बाटलीत दाखवला तो तुकडा भिजलेल्या कापसाच्या बोळ्यासारखा होता, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. याने माझी झोप उडवली होती यावर विश्वास बसेना.

आता जे आधी कोणी सांगितलं नव्हतं ते. चौथ्या दिवसापासून नडगीवर आग सुरू झाली. पांघरूण लागलं तरी भाजल्यासारखं व्हायचं. पाच आठवडे टिकलं आणि मग आपोआप गेलं. नळी ज्या वाटेने जाते तिथे नसेची एक गाठ असते, ती दुखावली की असं होतं म्हणे. एवढं आधी सांगितलं असतं तर मी त्या पाच आठवड्यांत तीनदा रडलो नसतो.

शंकासूर

ठोकळा, तुम्ही बरे झालात याचा आनंद आहे. पण न करताही बरे झाला असता की नाही, हे तुम्हाला कसं कळणार?

ठोकळा

अकरा महिने न करताच काढले होते हो. :)

निवृत्त_भूलवाला

प्रश्नात एक घोळ आहे, आणि तो धागाकर्तीचा नाही, जाहिरातींचा आहे. 'छोटं भोक' या एकाच गाठोड्यात निदान चार वेगळ्या गोष्टी बांधलेल्या असतात. या सगळ्या शस्त्रक्रियांना मी पेशंटच्या उशाशी बसलेलो आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

सुईने करायचे प्रकार म्हणजे लेसर, ओझोन, रेडिओफ्रीक्वेन्सी. यात बाहेर आलेल्या तुकड्याला कोणी हातच लावत नाही. सुई गादीच्या मध्यात जाते आणि तिथला थोडा गर जाळते किंवा आटवते. आतला दाब उतरला की फुगवटा मागे हटेल, अशी कल्पना. गादीचं बाहेरचं कडं शाबूत असेल तर ती अगदी टाकाऊ नाही. पण कडं फाटून गर बाहेर पडला असेल (एक्स्ट्रूजन म्हणजे तेच) तर? टूथपेस्टची ट्यूब दाबायची थांबवली म्हणून बाहेर आलेली पेस्ट आत जात नाही. तेव्हा आडवीतिडवी, तुमच्यापुरता लेसरचा विषय इथेच मिटला.

एंडोस्कोपीत तुकडा खरोखर काढतात. ७-८ मिलिमीटरची नळी, तिच्यातच कॅमेरा, पाणी आणि चिमटा. तिला दोन वाटा आहेत. बाजूची वाट, नस जिथून बाहेर पडते त्या छिद्रातून, जशी ठोकळा यांची झाली. मागची वाट, दोन मणक्यांच्या कमानींमधल्या फटीतून. तिला बहुधा पूर्ण भूल लागते. एल५-एस१ ही सगळ्यांत खालची गादी, आणि तिथे बाजूने शिरायचं तर कमरेच्या हाडाची कड आडवी येते. कड उंच असली की सर्जन मागून जातात. म्हणजे तुम्हाला सांगितलेली 'जागेपुरती भूल' तुमच्या हाडांना मान्य आहे का, हे एक्स-रे समोर ठेवून विचारा.

राहिल्या दोन. एकीत स्नायू सोलून काढण्याऐवजी ते बाजूला सारत रुंद नळी बसवतात आणि तिच्यातून काम करतात. दुसरी साधी मायक्रोडिस्केक्टमी: दोन-तीन सेंटिमीटरची चीर आणि मायक्रोस्कोप. लोक जिला 'ओपन' म्हणून घाबरतात ती हीच, आणि १९७७-७८च्या सुमारास हीच 'छोट्या भोकाची' क्रांती होती!

आता निकाल. २००९ साली डच लोकांनी ३२८ पेशंटमध्ये नळीवाली आणि साधी यांची तुलना छापली. नळीवाली जिंकेल असं सगळ्यांना वाटत होतं. वर्षअखेरीस चांगले बरे झालो म्हणणारे नळीत ६९ टक्के, साधीत ७९. मग २०२२ साली, पुन्हा डचांनीच, ६१३ पेशंट घेऊन बाजूने केलेली एंडोस्कोपी आणि साधी मायक्रोडिस्केक्टमी ताडून पाहिली. पायाच्या दुखण्यात एंडोस्कोपी कमी पडली नाही. म्हणजे ती चांगली आहे, बरोबरीची आहे. चमत्कार नाही. आतलं काम तिन्हींत एकच: नसेवरचा तुकडा उचलणे. त्वचेवरचा व्रण पायाला दिसत नाही.

कणाहीन

शेवटचं वाक्य फ्रेम करून ऑपरेशन थिएटरबाहेर लावा.

हळूबाई

मी फिजिओथेरपिस्ट आहे. व्हिडिओ देणार नाही, घाबरू नका. :)

आडवीतिडवी, एक सांगा. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं आणि टाच उचलायची. किती वेळा जमतं? आधी डावा पाय, मग उजवा. एस१ची नस पोटरीला ताकद देते, त्यामुळे हा आकडा एमआरआयइतकाच महत्त्वाचा आहे. दुखणं भयंकर असतं पण ते सोसवतं. ताकद जाणं हा वेगळा विषय.

आणि हे सगळ्यांसाठी: लघवी तुंबली किंवा होतेय ते कळेनासं झालं, बसताना जो भाग टेकतो तिथली संवेदना गेली, दोन्ही पायांत एकदम कळा सुरू झाल्या, तर धागा बंद करून थेट आपत्कालीन विभागात जा. रात्र असली तरी. तिथे भोक लहान की मोठं हा प्रश्न नसतो, तासांचा प्रश्न असतो. नसांचा अख्खा झुबका दबलेला असतो आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

आडवीतिडवी

केलं. डाव्यावर पंचवीस, मग कंटाळून थांबले. उजव्यावर बारा, मग पोटरी थरथरली. लघवी वगैरे सगळं ठीक.

भूलवालेकाका, तुमच्या प्रतिसादामुळे निदान काय विचारायचं ते कळलं. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढलाच नव्हता, एमआरआयवरच बोलले.

हळूबाई

बारा म्हणजे कमी आहे, पण आहे. दर चार दिवसांनी मोजा आणि लिहून ठेवा. बाराचे नऊ, नऊचे पाच असं उतरायला लागलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. बारावर टिकलं किंवा वाढलं तर तुमच्याकडे वेळ आहे.

टाचणी

हळूबाईंना अनुमोदन. माझं सांगते.

मला दुखत नव्हतंच फारसं. आधी खूप दुखलं, मग एका सकाळी एकदम थांबलं. मी खूश. दोन दिवसांनी लक्षात आलं की डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते आणि मला कळतही नाही. पाऊल वर उचलेना. जिना चढताना अंगठा पायरीला अडकून पडले, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. दुखणं थांबलं कारण नसेने हात टेकले होते. एल४-एल५, मोठा तुकडा. चौथ्या दिवशी मायक्रोडिस्केक्टमी. भोक किती मिलिमीटरचं हे विचारायचं सुचलंही नाही.

पाऊल उचलायला आठ महिने लागले. अंगठा अजून अर्धाच वर येतो. 'कळ गेली म्हणजे बरं झालं' हे डोक्यातून काढून टाका.

सुस्कारा

बाप रे. आत्ता उठून दोन्ही पायांचे अंगठे वर करून पाहिले.

कणाहीन

मीही. ऑफिसात. शेजारचा बघतोय.

जुनेजाणते

थोडं अवांतर करतो, धागाकर्तीने माफ करावं.

'गादी सरकली' हा शब्दच मुळात खोटा. गादी वरखालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती सरकत बिरकत नाही. तिचं कडं फाटतं आणि आतला गर बाहेर येतो. पायात उतरणाऱ्या या कळेला, म्हणजे सायटिकाला, आपल्याकडचा जुना शब्द गृध्रसी. गृध्र म्हणजे गिधाड, आणि हा रोगी गिधाडासारखा अंग आखडून एकीकडे झुकत चालतो. आरशात बघा, पटेल.

१९३४पर्यंत सर्जन हे तुकडे काढत होते, पण त्यांना कूर्चेच्या गाठी समजत होते. त्या वर्षी बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं की ही गाठ नव्हे, हा गादीचाच फुटलेला भाग, आणि सायटिका यानेच होतो.

पण खरी गंमत सशाची आहे. १९५६ साली लुइस थॉमस या संशोधकाने सशांना पपईच्या चिकातलं पपेन टोचलं, तर काही तासांत सशांचे ताठ कान लुळे पडून खाली लोंबले. कानातल्या कूर्चेची ताकदच गेली होती. काही दिवसांनी कान परत ताठ! हे वाचून लायमन स्मिथ या अस्थिशल्यविशारदाच्या डोक्यात आलं की सशाचा कान मऊ होतो तर गादीचा गर का होऊ नये. १९६३मध्ये त्याने पपईच्याच चिकातलं कायमोपपेन माणसाच्या गादीत टोचलं. सुईने सायटिका बरा करायची ही सुरुवात. लेसर त्यानंतर बरंच उशिरा, १९८६मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्सला.

कायमोपपेनला अमेरिकेत १९८२ साली परवानगी मिळाली. अनेकांना गुण आला, पण काहींना जीवघेणी अ‍ॅलर्जी झाली, काहींच्या मज्जारज्जूला इजा झाली. डॉक्टरांचा हात आखडला आणि २००३मध्ये विक्री बंद झाली. कल्पना मात्र मेली नाही. जपानने २०१८मध्ये कोंडोलिएज नावाच्या दुसऱ्या विकराला याच कामासाठी मान्यता दिली. तेही गर विरघळवण्याचंच काम करतं, सुईतून.

कणाहीन

म्हणजे ऑपरेशनला पहिली संमती सशाने कान खाली पाडून दिली.

ठोकळा

=)) हसून हसून पुरेवाट. हसू नका म्हणे पेशंटने, आडवीतिडवींना कळ येईल.

आडवीतिडवी

आली. तरी चालेल. ससा आवडला.

मी_तोच

लेसरचा विषय मिटला म्हणालात, पण इतर कोणी वाचत असेल म्हणून माझी फसगत नोंदवून ठेवतो.

मी ज्या ठिकाणी गेलो तिथे सल्ल्याची खोली कमी आणि पोस्टर जास्त होते. 'टाका नाही, कापाकापी नाही, पंधरा मिनिटं.' माझाही तुकडा बाहेर आलेलाच होता, हे अहवालात लिहिलं होतं, आणि तिथे तो अहवाल पाहिलाही होता. तरी लेसर केलं. तीन आठवडे बरं वाटलं (का ते अजून माहीत नाही, कदाचित वाटावं असं वाटत होतं म्हणून), मग जैसे थे. चार महिन्यांनी दुसरीकडे साधी मायक्रोडिस्केक्टमी करावी लागली. राग लेसरवर नाही. माझा अहवाल वाचून मला 'हे तुमच्यासाठी नाही' म्हणायला हवं होतं, तसं म्हटलं नाही, त्यावर आहे.

मुक्तछंदी

एका माणसाच्या अनुभवावरून लेसर बाद करू नका. माझ्या दिराला गुण आलाय, पाच वर्षं झाली.

निवृत्त_भूलवाला

मुक्तछंदी, त्यांचा फुगवटा कड्याच्या आतच असणार. लेसरची आणि साध्या ऑपरेशनची रीतसर तुलना झाली आहे, २०१५ची. योग्य पेशंट निवडून केली होती. वर्षाच्या शेवटी दोन्ही गट साधारण सारखेच होते; पण लेसरवाल्यांत ३८ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, साध्यात १६ टक्क्यांना. ज्यांना लागलं नाही त्यांचं भोक खरंच लहान राहिलं. तुमचे दीर त्यांतले.

मुक्तछंदी

बरं, हे पटलं. पण सांगताना 'सुईवर भागलं तर भागलं, नाहीतर चीर आहेच' असं सांगायला हवं ना. तसं कोणी सांगत नाही.

शंकासूर

आता मुद्द्याचं. तिसऱ्या डॉक्टरांची बाजू इथे कोणीच घेत नाहीये.

आडवीतिडवी, 'एक्स्ट्रूजन' शब्द वाचून तुम्ही घाबरला असाल. उलट घ्या. गर जितका जास्त बाहेर पडलेला, तितका तो आपोआप आक्रसण्याचा संभव जास्त. आधीच्या बऱ्याच अभ्यासांची बेरीज २०१५ साली छापून आली होती: नुसत्या फुगवट्यांपैकी १३ टक्के मागे हटले, कड्याला धरून पुढे आलेल्यांपैकी ४१, एक्स्ट्रूजनपैकी ७०, आणि तुटून वेगळे पडलेल्या तुकड्यांपैकी तब्बल ९६. कारणही सुंदर आहे. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे आतला गर शरीराच्या पहारेकऱ्यांना कधी दिसलेलाच नसतो. बाहेर आला की परका ठरतो. नव्या बारीक रक्तवाहिन्या तिथवर येतात, पेशी येतात आणि त्याला कुरतडून संपवतात. सुरुवातीची आग बऱ्याच अंशी या धुमश्चक्रीचीच असते.

आणि एमआरआयचा धसका घेऊ नका. १९९४ साली कंबरदुखी नसलेल्या ९८ लोकांचा एमआरआय काढला. ५२ टक्क्यांना निदान एका गादीत फुगवटा निघाला.

नॉर्वेच्या वेबरने १२६ जणांचा अभ्यास १९८३मध्ये छापला. एका वर्षाने ऑपरेशनवाले स्पष्ट पुढे, चार वर्षांनी फरक नगण्य, दहा वर्षांनी कोण कोणत्या गटातला हे ओळखू येऊ नये इतके सारखे. २००७मध्ये डचांनी २८३ जणांवर पुन्हा तेच पाहिलं. वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे. मग भोक पाडायचंच कशाला?

टाचणी

९८ लोकांच्या आकड्यात तुम्ही अर्धीच ओळ वाचलीत. त्यांच्यापैकी एक्स्ट्रूजन किती जणांना होतं?

शंकासूर

एका टक्क्याला. मान्य. फुगवटा आणि एक्स्ट्रूजन मी एका तागडीत घालायला नको होतं.

हळूबाई

आणि २००७चंही अर्धंच सांगितलंत. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांनी शेवटी ऑपरेशन करूनच घेतलं, त्यांना सोसवलं नाही. बरं वाटायला लागेपर्यंतचा मधला काळ लवकर ऑपरेशनवाल्यांत चार आठवडे, थांबलेल्यांत बारा. वर्षअखेरचे फोटो सारखे आहेत, वर्ष सारखं नाही.

आडवीतिडवी

हेच. शंकासूर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि आधी दिलासा वाटला, मग चीड आली. 'वर्षाने सगळे सारखे' हे उभ्याने जेवणाऱ्या माणसाला सांगायला काय जातं? मी सात आठवडे खुर्चीवर बसलेले नाही. मुलगी मांडीवर बसायला येते आणि तिला बाजूला करावं लागतं. ती आता यायची बंद झाली आहे. चार आठवडे आणि बारा आठवडे यांतले आठ आठवडे आकडा म्हणून छोटे दिसतात.

शंकासूर

तुमचं दुखणं कमी लेखायचं नव्हतं. 'करू नका' असं म्हणायचं नाही, 'न केल्याने वाटोळं होणार नाही' एवढंच म्हणायचं होतं. घाबरून करू नका. वैतागून केलंत तर हरकत नाही.

निवृत्त_भूलवाला

शंकासूर, हे शेवटचं वाक्य तुमच्या अख्ख्या प्रतिसादापेक्षा चांगलं आहे.

एक भर घालतो. थांबण्यालाही तळ असतो. २०२०मध्ये कॅनडातून एक अभ्यास आला, चार ते बारा महिने सायटिका असलेल्या १२८ लोकांचा. इतकं थांबलेल्यांत सहा महिन्यांनी मायक्रोडिस्केक्टमीवाले स्पष्ट सरस होते. दहापैकी दुखणं २.८, इतरांचं ५.२. ठोकळा यांचे अकरा महिने त्यात बसतात. म्हणजे सहा ते बारा आठवडे हा हिशेबाचा काळ. त्याआधी घाई नको (ताकद शाबूत असेल तर), आणि चार महिन्यांनंतर 'बघू अजून' म्हणण्यात फार अर्थ नाही.

सुस्कारा

पुन्हा होतं का? याबद्दल कोणी बोललंच नाही, कारण ते मी बोलायचं होतं बहुतेक.

दुर्बिणीतून केलं, सहाव्या आठवड्यात कामावर, सगळ्यांना सांगत सुटलो. सातव्या महिन्यात बुटाची नाडी बांधायला वाकलो. तीच जागा, तोच पाय. दुसऱ्यांदा साधी केली, आता दोन वर्षं ठीक आहे. दुसऱ्या वेळच्या सर्जनने समजावलं: बाहेर भोक आठ मिलिमीटरचं असो की तीन सेंटिमीटरचं, गादीच्या कड्यातली फट ती असते तितकीच असते, आणि ती शिवत नाहीत. उरलेला गर कधीतरी त्याच फटीतून डोकावणार.

निवृत्त_भूलवाला

बरोबर. फटीच्या आकारावर एक जुना अभ्यास आहे, २००३चा. तुकडा निघाला आणि मागे नुसती बारीक चीर राहिली, त्यांच्यात पुन्हा होण्याचं प्रमाण १ टक्का. मोठं भगदाड राहिलं, त्यांच्यात २७. हे ऑपरेशन करतानाच दिसतं. नंतर सर्जनला जरूर विचारा, 'फट केवढी होती?' हा प्रश्न विचारणारा पेशंट मला एकही भेटला नाही.

मी_तोच

वाचनखूण साठवली.

ठोकळा

शिंकेचं काय करायचं ते सांगू का? भिंतीला पाठ नाही, हात टेकवायचे, गुडघे किंचित वाकवायचे, आणि मान वर करून शिंकायचं. पुढे वाकून शिंकलात तर मेलात.

कणाहीन

आणि मोजे?

ठोकळा

मोजे चार महिने बायकोने घातले. मला.

मुक्तछंदी

पालथं झोपून त्रास कमी होतो की कुशीवर? दिरांना गुडघ्यांत उशी लागायची.

हळूबाई

ज्याला ज्याने कळ पायातून वर कमरेकडे सरकते, त्याला ते. कमरेत जास्त दुखलं तरी चालेल, पायात कमी हवं. पायातून मागे हटणारं दुखणं हे चांगलं लक्षण. धागाकर्तीला पालथं बरं वाटतंय म्हणजे तिचं शरीर तिला सांगतंय.

जुनेजाणते

म्हणजे गिधाड सरळ व्हायला लागलं की समजायचं.

कणाहीन

तीन आठवडे झाले, धागाकर्ती गायब. कोणाला काही कळलं का?

आडवीतिडवी

आहे आहे. जे झालं ते सांगते.

या धाग्यानंतर दोन डॉक्टरांकडे परत गेले. पहिल्यांना एक्स-रे काढायला लावला. कड उंच निघाली. मागच्या वाटेने करावं लागेल आणि पूर्ण भूल लागेल, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. एल५-एस१च्या मागच्या वाटेने किती केल्या, हे विचारल्यावर जरा थांबले आणि म्हणाले, बाजूने पुष्कळ केल्यात, मागून कमी. खरं बोलले म्हणून बरं वाटलं. दुसऱ्या डॉक्टर मायक्रोडिस्केक्टमी कितीतरी वर्षं करतायत. करायचं झालं तर त्यांच्याकडे, हे त्याच दिवशी ठरलं. म्हणजे छोटं भोक गेलं, थोडं मोठं आलं, आणि त्याचं काही वाटलं नाही.

तारीख घेतली बाराव्या आठवड्याची. तोवर दिवस ढकलायला तिसऱ्या डॉक्टरांकडून नसेच्या मुळाशी इंजेक्शन घेतलं. तुकडा याने विरघळत नाही, सूज उतरते, काही आठवड्यांची उसंत मिळेल असं त्यांनी बजावलं होतं. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून दात घासून झाल्यावर लक्षात आलं की मी वाकून चूळ भरली.

आता दहावा आठवडा चालू आहे. कळ पोटरीतून वर येऊन मांडीत थांबली आहे. करंगळी अजून बधिर. टाचेचा हिशेब: १२, १२, ११ (इथे रात्रभर झोपले नाही), १४, १७, १९.

तारीख रद्द केलेली नाही, चार आठवडे पुढे ढकलली. डॉक्टर म्हणाल्या, आकडा उतरला तर फोन करायचा, त्या मधे घेतील. शंकासूर, हुरळू नका. टाचणी, अंगठा रोज बघते. काल मुलगी पाच मिनिटं मांडीवर बसली, मग मीच उठवलं.

हा प्रतिसाद खुर्चीत बसून लिहिलाय.

हळूबाई

एकोणीस! पण एवढं टंकायला किती वेळ लागला?

आडवीतिडवी

वीसेक मिनिटं.

हळूबाई

उठा.